हात कुठे पडतो

भाचा आमच्याकडे आला तो 2012 च्या ऑगस्टमध्ये. दोन बॅगा. एकीत ताईनं बांधून दिलेली भाजणी, मेतकूट, गोडा मसाला. दुसरीत कपडे थोडे आणि गिटारच्या तारांची पाकिटं फार. इथल्या विद्यापीठात त्याला एम.एस.ला प्रवेश मिळाला होता, आणि मावशी त्याच गावात आहे म्हटल्यावर ताईचा जीव भांड्यात पडला होता. त्याच्या आनंदाचं कारण निराळं होतं. विमानतळावरून घरी येताना त्यानं पहिला प्रश्न विचारला, "मावशी, पार्सन्स स्ट्रीट किती लांब आहे गं?"

कॅलमझू हे मिशिगन राज्यातलं मध्यम गाव. यांना अपजॉन कंपनीत नोकरी लागली म्हणून आम्ही 1984 मध्ये इथं आलो. पार्सन्स स्ट्रीटवरून मी शेकडो वेळा गेले असेन, पण तिथल्या विटांच्या उंच धुराड्याकडे कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. रविवारी भाच्याला तिथं नेलं. गाडीतून उतरून तो त्या धुराड्यापुढे असा उभा राहिला, की मला नामदेवाच्या पायरीशी थबकणारे वारकरी आठवले. गिब्सन गिटारींचा हा कारखाना, 1917 मध्ये बांधलेला. 1984 मध्ये कंपनीनं इथलं काम बंद करून सगळं नॅशव्हिलला हलवलं. म्हणजे आम्ही आलो त्याच वर्षी गिटारी गावातून गेल्या. काही कामगारांनी मात्र गाव सोडलं नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी त्याच इमारतीत 'हेरिटेज' या नावानं पुन्हा गिटारी करायला घेतल्या. मला यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. मिरजेत जन्मलेल्या बाईनं वाद्यांच्या गावात इतकी वर्षं राहून वाद्यांकडे पाहू नये, याची मला त्या दिवशी खंत वाटली.

त्याचं सगळं वेड एका गिटारीभोवती होतं. ईएस-335. याच धुराड्याखाली 1958 मध्ये ती पहिल्यांदा तयार झाली. का झाली, ते त्यानं ओट्याशी उभं राहून सांगितलं आणि मी पोळ्या लाटता लाटता ऐकलं. जुन्या जाझवाल्यांच्या गिटारी आतून पूर्ण पोकळ. आवाज उबदार, त्यात श्वास असलेला. पण विजेवर आवाज वाढवला, की अ‍ॅम्पमधून येणारा नाद त्या पातळ लाकडाला हलवी, लाकूड तारांना हलवी, तारांची थरथर परत अ‍ॅम्पमध्ये जाई, आणि या फेऱ्यात सापडून गिटार विव्हळायला लागे. भरीव लाकडाच्या गिटारी सहसा विव्हळत नाहीत, पण त्यांच्यात ती ऊब नाही. लेस पॉल या वादकानं 1940 च्या सुमाराला न्यूयॉर्कमध्ये एका चौकोनी ओंडक्यावर तारा चढवून वाजवून पाहिलं होतं. लोकांना ओंडका पाहवेना. मग त्यानं एका गिटारीचं पोट कापून ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना पंखांसारखं जोडलं, आणि तीच तार लोकांना आवडायला लागली. टेड मॅकार्टी गिब्सनचे प्रमुख असताना हा विचार कारखान्यात पक्का झाला. मानेपासून तळापर्यंत मेपलचा भरीव ठोकळा, दोन्हीकडे पोकळ पंख, पोटाची जाडी जेमतेम पावणेदोन इंच, आणि वर व्हायोलिनला असतात तशी दोन नागमोडी भोकं.

"म्हणजे कणा भरीव आणि कुशी रिकाम्या," मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघतच राहिला. पण त्यात नवल काही नव्हतं. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून मी रोज शाळेत जात होते. भोपळा कोणत्या जाडीचा घ्यायचा, दांडी किती पोखरायची यावरचे वाद माझ्या कानावरून गेलेले आहेत. वाद्य कुठे रिकामं ठेवायचं हे ज्याला कळलं तो कारागीर, असं तिथले म्हातारे म्हणत.

शिकणं संपलं, गावातच नोकरी लागली, आणि पहिल्या पगारापासून त्यानं पैसे बाजूला टाकायला सुरुवात केली. खरोखरची 1959 ची गिटार घेणं आपल्या आवाक्यातलं नाही, हे त्याला माहीत होतं. एरिक क्लॅप्टनची 1964 ची 335 तर 2004 मध्ये लिलावात 8,47,500 डॉलरांना गेली. ते सोडा, पण साध्या जुन्या गिटारींच्या किमतीही नोकरदार माणसानं ऐकून परत फिरावं अशाच. कारण 335 पुढे बदलत गेली. 1962 मध्ये मानेच्या पट्टीवरचे ठिपके जाऊन चौकोन आले. 1965 मध्ये तारा अडकवायची रीत बदलली, मान अरुंद झाली. लोक जुन्या ठिपकेवाल्या गिटारीसाठी हळहळू लागले, तेव्हा 1981 मध्ये कंपनीनं ठिपके परत आणले, आणि त्यानंतरच्या वर्षांत नवी गिटार जुन्या नमुन्याच्या जवळजवळ नेण्याचा उद्योग चालूच राहिला. भाच्याला हवी होती ती अशी, 1959 च्या नमुन्याबरहुकूम नव्यानं बनवलेली.

सप्टेंबर 2014 मध्ये ती आली. खोकं जेवणाच्या टेबलावर उघडलं. खरं सांगते, माझाही श्वास क्षणभर थांबला. कडेला गडद तपकिरी, मध्याकडे येताना पिकलेल्या आंब्यासारखी पिवळी होत गेलेली. काळसर शिसवी पट्टी, तिच्यावर मोत्यासारखे ठिपके. आणि वास! गोडसर, झोंबणारा. यांनी वास घेतला आणि चष्मा वर करून म्हणाले, "नायट्रोसेल्युलोज. नखांच्या रंगात असतं तेच." मग रसायनशास्त्राचा माणूस खुलला. हे लॅकर मुरायला वेळ लागतो. वर्षांगणिक पिवळं पडत जातं, झिजतं, घामानं मऊ होतं, कडाक्याच्या थंडीत त्याला केसासारख्या भेगा पडतात. हल्लीचे प्लॅस्टिकसारखे लेप तसेच्या तसे राहतात. "हे जिवंत आहे म्हण ना," ते म्हणाले. भाच्यानं गिटार छातीशी धरली आणि म्हणाला, "काका, घराला आग लागली तर मी आधी हिला उचलेन." मला ते बोलणं आवडलं नाही, पण त्याचा चेहरा पाहून मी गप्प बसले.

हा आनंद दीडेक महिना टिकला. त्याचे चार वाजवणारे मित्र होते, त्यांतल्या दोघांच्या गिटारी मुद्दाम जुनाट करून विकलेल्या. त्याला ते 'रेलिक' म्हणत. रंग खरवडलेला, कडा उघड्या पडलेल्या, धातूवर गंज. त्या गिटारींशेजारी आमची गिटार आरशासारखी चमकायची. कोणी काही बोललं असेल, नसेलही. पण तो तिला मित्रांकडे न्यायचा थांबला. एका संध्याकाळी तळघरात गेले तर समोर गिटार, शेजारी पॉलिश पेपर, किल्ल्यांचा जुडगा आणि संगणकाची धूळ उडवायची हवेची नळी. नळी उलटी धरून फवारलं की लॅकर गोठतं आणि भेगा पडतात म्हणे.

"अरे, हे काय मांडलंयस?"

"मावशी, ही खोटी वाटते गं. कालची वाटते."

मी नळी हातातून काढून घेतली. करायचंच असेल तर जाणत्या माणसाकडून करून घे, म्हटलं. वाद्याला अडाण्यानं हत्यार लावायचं नाही, ही मिरजेची शिस्त आहे.

जाणता माणूस शोधायला फार लांब जावं लागलं नाही. गावाच्या उत्तरेला एक वृद्ध गृहस्थ आपल्या गॅरेजमध्ये गिटारी दुरुस्त करत. आमच्या घरात त्यांचं नाव मिस्त्रीबुवा पडलं. 1963 मध्ये, अठराव्या वर्षी, ते पार्सन्स स्ट्रीटवर कामाला लागले आणि कारखाना बंद होईपर्यंत तिथंच होते. लॅकरचे थर सुकले की ते घासायचे, मग गिटार मोठ्या फिरत्या चाकावर धरून तिला चमक आणायची, हे त्यांचं काम. त्यांनी गिटार खिडकीशी नेली, तिरकी धरली, प्रकाश तिच्यावरून ओघळू दिला. किती वेळ पाहत होते कोण जाणे.

"छान केलीय," ते म्हणाले. "काय बिघडलंय?"

भाच्यानं सांगितलं. मिस्त्रीबुवांनी गिटार हळूच टेबलावरच्या मऊ कापडावर ठेवली.

"पोरा, एकवीस वर्षं मी चरे काढले. केसाएवढा चरा राहिला तरी मुकादम गिटार माझ्याकडे परत पाठवायचा. 1959 मध्ये ज्यानं ही गिटार दुकानातून नेली, त्याला ती अशीच मिळाली होती. अशीच चमकणारी, असाच वास येणारी. जुनी गिटार कारखान्यातून एकही बाहेर पडलेली नाही."

भाचा खाली बघू लागला. ते त्याला लागलं असावं हे मिस्त्रीबुवांनाही कळलं असेल, कारण ते उठले आणि भिंतीवरून एक जुनी गिटार काढून त्याच्या मांडीवर ठेवली. "हिचे पडदे बघ. पहिल्या तीन पडद्यांत तारांनी खाचा पाडल्यात. पाचव्याच्या पुढे कोरी. ही चर्चमध्ये वाजवणाऱ्या एका बाईची. चाळीस वर्षं तिनं दुसऱ्यांच्या गाण्याला साथ केली, स्वतः कधी पुढे आली नाही." मग दुसरी. "हिची वरच्या कडेची चमक गेलीय बघ. इथं हात टेकायचा त्याचा. डाव्या बाजूला मागं पट्ट्याच्या बकलानं खरवडलंय, म्हणजे उभा राहून वाजवायचा. हे मी वाचू शकतो. तुझ्या गिटारीवर मी जे लिहीन, ते कोणाचं असेल?"

मग त्यांनी अट घातली. मे महिन्यात गिटार घेऊन ये. तुझा हात जिथं खरोखर पडतो त्या जागा मला दाखव. तेवढ्याच जागा मी घासून देईन, एक पैसा घेणार नाही. जिथं हात पडत नाही तिथं पॉलिश पेपर लावणार नाही.

गाडीत बसल्यावर भाचा म्हणाला, "सोप्पं आहे की." घरी येऊन त्यानं गिटार मांडीवर घेतली, आणि हात नेमका कुठे पडतो ते त्याला सांगता येईना. दोन वर्षं या गिटारीविषयी बोलण्यात गेली होती. तारा किती जाडीच्या, त्यांचा स्वर पकडणारी वेटोळी किती फेऱ्यांची. कॅलमझूच्याच सेथ लव्हर नावाच्या अभियंत्यानं दोन वेटोळी उलटसुलट जोडून विजेची गुणगुण कशी मारली, हे तो झोपेतही सांगेल. वाजवणं त्यात कुठेतरी मागे पडलं होतं.

तो हिवाळा मला ऐकून आठवतो. बर्फ खिडकीच्या चौकटीपर्यंत चढलेलं, आणि रोज रात्री नऊनंतर तळघरातून तेच तेच स्वर. पहिले काही आठवडे तो वाजवून झालं की टॉर्च घेऊन गिटार तपासायचा. कुठे काही दिसतंय का? काहीच दिसायचं नाही. चिडायचा. एकदा मला वाटलं, आता हा सोडतो. पण मग एक सुरावट त्याच्या मागे लागली. चारच स्वरांची, शेवटचा तार ओढून अर्ध्या सुरानं वर चढवायचा, आणि तो चढ त्याला हवा तिथं थांबेना. रियाज म्हणतात तो हाच, हे त्याला सांगायची गरज नव्हती. केव्हातरी फेब्रुवारीत माझ्या लक्षात आलं, की टॉर्च स्वयंपाकघरातल्या खणात परत आलाय आणि बरेच दिवस तिथंच आहे.

त्या वर्षी गुढीपाडवा 21 मार्चला होता. गावातली मराठी घरं एका शाळेच्या सभागृहात जमली. पोरांनी भाच्याला वाजवायला सांगितलं. कार्यक्रमाआधी त्यानं अ‍ॅम्प सुरू केला, आवाज वाढवला आणि गिटार विव्हळायला लागली. भरीव कणा असूनही कुशी पोकळच, आणि तो अ‍ॅम्पच्या अगदी तोंडाशी उभा. लहान मुलांनी कान झाकले. त्यानं घाईघाईनं मिस्त्रीबुवांना फोन लावला. ते म्हणाले, "अ‍ॅम्पकडे पाठ करून बाजूला हो, आणि भोकांत कापड कोंब. बी. बी. किंग वर्षानुवर्षं चिंध्या कोंबायचा. 1980 मध्ये गिब्सननं त्याच्यासाठी वेगळी गिटार काढली ती बिनभोकांची." माझ्या पिशवीत नैवेद्याच्या डब्याभोवती गुंडाळलेला पंचा होता. त्याचे दोन तुकडे केले. भाच्यानं चमच्याच्या दांड्यानं ते आत ढोसले. त्या घाईत भोकाच्या कडेला टकन् आवाज झाला. त्यानं पाहिलं, मी पाहिलं. लोक खोळंबले होते. तो वाजवायला उभा राहिला. चार स्वरांचा तो चढ त्या दिवशी जिथं थांबायला हवा तिथं थांबला.

मेच्या मध्यावर बी. बी. किंग गेले. 14 मे 2015. बातमी दुसऱ्या दिवशी आली आणि शनिवारी आम्ही मिस्त्रीबुवांकडे गेलो. वायदा मे महिन्याचाच होता. गॅरेजमध्ये रेडिओवर बी. बी. किंग यांचंच काही चाललं होतं. मिस्त्रीबुवांनी तो बारीक केला आणि भाच्याला विचारलं, "त्याच्या गिटारीला ल्युसिल का म्हणायचा, ठाऊक आहे?"

भाच्याला ठाऊक होतं, पण त्यानं त्यांना सांगू दिलं. 1949 च्या हिवाळ्यात आर्कान्सातल्या ट्विस्ट नावाच्या खेड्यात बी. बी. एका नाचघरात वाजवत होते. ऊब मिळावी म्हणून मधोमध पिंपात रॉकेल पेटवलेलं. दोन माणसांत मारामारी झाली, पिंप उलटलं, जमिनीवर आगीचा लोट पसरला. सगळे बाहेर पळाले, बी. बी. सुद्धा. बाहेर आल्यावर आठवलं, गिटार आत राहिली. ते परत आगीत शिरले, कोसळत्या घरातून गिटार घेऊन कसेबसे बाहेर आले. सकाळी कळलं की भांडण ल्युसिल नावाच्या बाईवरून होतं आणि आत दोन माणसं जळून मेली. त्यांनी गिटारीला तेच नाव दिलं, असा मूर्खपणा पुन्हा कधी करायचा नाही याची आठवण म्हणून. पुढे गिटारी किती बदलल्या, तऱ्हेतऱ्हेच्या. नाव सगळ्यांचं ल्युसिल.

"आणि आवाज?" भाच्यानं विचारलं.

"दुसऱ्या खोलीतून एक स्वर ऐकला तरी ओळखू यायचा. गिटार कुठलीही असो."

घराला आग लागली तर आधी हिला उचलेन असं म्हणणारा मुलगा खाली पाहून गिटारीच्या मानेवरून अंगठा फिरवत होता. मला ते वाक्य आठवलं. त्यालाही आठवलं असावं.

मिस्त्रीबुवांनी दिवा जवळ ओढला, पॉलिश पेपरची घडी टेबलावर ठेवली. "दाखव."

त्यानं न अडखळता दाखवलं. मानेच्या मागे, पाचव्या ते आठव्या पडद्यापर्यंत, जिथं अंगठा सरकतो तिथली चमक जाऊन गुळगुळीत मंदपणा आला होता. वरच्या कडेला कोपराखाली बोटभर जागा धुरकट. आठव्या पडद्यावर, दुसऱ्या तारेखाली, नखानं चाचपली तरच लागेल अशी एक खाच. मिस्त्रीबुवांनी भिंग लावलं. "इथं वर ओढतोस. पुष्कळ ओढतोस," ते म्हणाले. मग भिंग भोकाच्या कडेवर आलं. "हा कशाचा?"

"पंचा कोंबताना. चमच्याचा दांडा लागला."

म्हातारा माणूस मनापासून हसला. त्यानं पॉलिश पेपरची घडी उचलून भाच्यापुढे केली. भाच्यानं ती घेतली नाही. गिटारीवरून मऊ फडकं फिरवलं, तारा पुसल्या आणि तिला पेटीत ठेवलं. पुढच्या मे महिन्यात पडदे बघायला परत ये, एवढंच मिस्त्रीबुवा म्हणाले.

निघताना त्यांनी मला विचारलं, "आणि तुम्ही काय वाजवता?"

मी सांगितलं. मिरजेचा तानपुरा आहे, वडिलांनी सतारमेकरांकडून खास करवून घेतलेला. 1987 मध्ये माहेराहून येताना मी तो जिवापाड जपून आणला. आजही त्याच्यावर ओरखडा नाही.

"सुंदर," ते म्हणाले. आणि सहज, दुसऱ्या कुणालाही विचारावं तसं त्यांनी विचारलं, "त्याच्यावर तुमचा हात कुठे पडतो?"

परतीच्या वाटेवर भाचा काहीबाही बोलत होता. मी हूं हूं करत होते. घरी आल्यावर जिन्याखालचं कपाट उघडलं. आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला तानपुरा बाहेर काढायला भाच्यानं हात लावला. लुगडं सोडलं तर भोपळ्याची लकाकी तशीच, हस्तिदंती पानांची नक्षी तशीच. घोडीवर बोट फिरवलं. सतारमेकरांनी जवारी उघडून दिली होती तशीच होती. अठ्ठावीस वर्षांत तारांनी तिच्यावर एक रेघही ओढलेली नव्हती. अशा घोडीला मिरजेत कोरी म्हणतात.

"मावशी, लावतेस?" भाच्यानं विचारलं.

खुंट्या हलेनात. मी खडू शोधायला उठले. जवारीखाली घालायला दोरा लागणार होता, तो मात्र लगेच मिळाला. आईच्या लुगड्याच्या काठातूनच सुटलेला एक लोंबत होता.